शिवण दिसली का?

मी पडदा. सिनेमागृहातला नव्हे, ते मोठ्या घरचे. मी नागपुरात नंदनवन वस्तीतल्या एका घराच्या वरच्या खोलीतला, मारोतराव पराते सरांचा पडदा. जरा लांबूनच ऐका, कारण माझ्या खालच्या कोपऱ्याला तर्रीचा वास येतो. पोह्यांवर ओततात ती लालभडक तर्री. सरांच्या शोकसभेत एका सद्गृहस्थानं तिनं माखलेले हात माझ्या अंगाला पुसले. खरं तर मला बोलायची सवय नाही, माझं काम दाखवायचं. पण त्या दिवशी जी किळस अंगाला चिकटली ती काही केल्या निघेना, म्हणून बोलतो.

माझा जन्म हातमागावर झाला. सरांचे वडील विणकर होते. नजर अधू झाल्यावर त्यांनी माग मोडीत काढला, त्याच्या आधी विणलेलं शेवटचं पांढरं कापड म्हणजे मी. मागाचा पन्हा लहान, त्यामुळे मी अखंड असा कधी नव्हतोच, तीन पट्ट्यांचा होतो. त्याच मागानं सरांनाही एक खूण देऊन ठेवली होती. लहानपणी त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर धोटा आदळला आणि नख फुटलं. पुन्हा उगवलं ते मधोमध दुभंगलेलंच. मास्तर झाल्यावर तेच बोट माझ्याकडे रोखून ते शिकवायचे आणि प्रकाशात हात आला की त्या नखाची सावली माझ्यावर पडायची.

माझ्या तीन पट्ट्या जोडल्या सिंधूताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं. नुकतं लग्न झालं होतं. पायमशीनवर बसून त्यांनी चपटी, सरळ शिवण घातली आणि कडेनं जुन्या छत्र्यांचं काळं कापड लावलं. काम सुबक होतं, पण शिवण ती शिवण. पहिल्याच खेळाला नायिकेच्या नाकावरून एक रेघ आरपार गेली आणि दुसरी तिच्या गळ्यावरून. सिंधूताई इतक्या खजील झाल्या की दिवा लागताच उठून स्वयंपाकघरात गेल्या.

सर मागोमाग गेले. "काहून रडून राहिली वं? शिवण कुठपर्यंत दिसली तुले?"

"पहिल्यांदा दिसली. मंग त्या पोरीचं लेकरू हरवलं, तवा नाई दिसली."

सर तिथंच मोठ्यानं हसले. "मंग तुझी शिवण राहू दे. ते माझ्या पोट्ट्यायची परीक्षा घेईन."

तेव्हापासून तो रिवाज पडला. सिनेमा संपला की दिवा लावायच्या आधी सर अंधारातच विचारायचे, "सिंधू, शिवण दिसली का वं?" सिंधूताई दाराशी बसलेल्या असायच्या, मांडीवर निवडायची मेथी नाहीतर तुरीच्या शेंगा. त्या विचार करून उत्तर द्यायच्या. नाई दिसली. मधात दिसली. पुरा वेळ दिसली बाप्पा, शिवणीशिवाय दुसरं काई दिसलंच नाई. जगभरात नावाजलेल्या सिनेमांना त्यांनी शेंगा सोलता सोलता निकालात काढलं आणि सरांनी तो निकाल मान खाली घालून ऐकला.

सर तरुणपणी सिनेमा शिकायला बाहेर गेले होते. शिकून सरळ नागपूरला परतले. लोकांनी विचारलं, काहून परत आला? सर म्हणायचे, "इथं ऊन चांगलं आहे." लोकांना वाटलं, बिचाऱ्याला तिकडे जमलं नाही. पुढे ते एका कॉलेजात शिकवू लागले आणि दर रविवारी दुपारी वरच्या खोलीची दारं कोणालाही उघडी झाली. कोणी सावनेरहून यायचं, कोणी कामठीहून. सर नाव-गाव नंतर विचारायचे. आधी म्हणायचे, "हात दाखव." आणि हात नाकाशी नेऊन चक्क हुंगायचे. संत्र्याचा वास आला तर मोरीकडे रवानगी, खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, आला तर जिन्यावरूनच परत.

आता माणसांचे हात हा काय विषय आहे ते मला विचारा. नाक शिंकरतात, डोकं खाजवतात, भजी खातात आणि त्याच हातानं "किती पांढरा आहे ना" म्हणून मला चाचपतात. सर होते म्हणून मी इतकी वर्षं पांढरा राहिलो. सिंधूताई मला रिठ्याच्या पाण्यात धूत, थोडी नीळ देत आणि सावलीतच वाळवत, कारण नागपूरच्या उन्हात मी पिवळा पडलो असतो.

सरांची शिकवायची तऱ्हाही त्यांचीच. सिनेमा आधी आवाज बंद करून दाखवायचे. मे महिन्यात कूलरसुद्धा बंद, कारण त्याच्या वाऱ्यानं माझं पोट फुगायचं आणि पडद्यावरची माणसं गरोदर दिसायची. पोरं घामानं निथळत बसायची. मग चष्मा वर सरकवत प्रश्न एकच, "काय दिसलं?"

दीपमाला पहिल्यांदा आली तो रविवार मला आठवतो. कन्हानची मुलगी, बसनं आलेली, ओढणीचं टोक मुठीत धरून बसलेली. ती म्हणाली, "दुःख दिसलं सर."

"कुठं होतं वं दुःख? मले तर नाई दिसलं. कोणत्या कोपऱ्यात उभं होतं?"

सगळे हसले. ती लाल झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बाईच्या चपलेचा अंगठा तुटला होता सर. ते पाय घासत चालून राहिली होती."

"हां. आता दिसलं तुले. समजलेलं घरी ठेवत जा. इथं दिसलेलं सांगाचं."

खेळ संपला की माझी घडी घालायची. तीही वाटेल तशी नाही. चौघांनी चार कोपरे धरायचे, मला जमिनीला टेकू द्यायचं नाही आणि प्रत्येकानं आपल्याला दिसलेली एक गोष्ट सांगून मगच पाऊल पुढे टाकायचं. ज्याला काही सांगता आलं नाही, तो पुढच्या धुण्याला रिठे कुटणार. पुष्कळांनी कुटले.

त्यांच्यातच एक विहंग होता. त्याच्याबद्दल खोटं बोलणार नाही. पोरगा हुशार होता. एकदा सर एका मोठ्या सिनेमावर भारावून बोलले आणि सगळ्यांना विचारलं, शिवण दिसली का? सगळे म्हणाले, नाही सर, अजिबात नाही. विहंग एकटा म्हणाला, "मले पुरा वेळ दिसली सर. बोअर झालो." सरांनी उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला. "भैताडा, तूच एक खरा आहे इथं." सर लाडात आले की भैताड, म्हणजे खुळा, म्हणायचे. लाडाचा दुसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

मग विहंग मोठा झाला. आता तो पुढाऱ्यांचे आणि बिल्डरांचे व्हिडिओ करतो. सरांकडे यायचा बंद झाला. सरांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आला नाही. ते वर्षभर खाटेवर होते तेव्हाही आला नाही. त्या वर्षात रविवार चालवला दीपमालानं. ती कन्हानहून यायची, सरांना उचलून बसवायला सिंधूताईंना हात द्यायची, मला टांगायची. सरांना धड बोलता येत नव्हतं, तरी खेळ संपला की ते तोंड सिंधूताईंकडे वळवायचे. सिंधूताई म्हणायच्या, "नाई दिसली जी." मग ते डोळे मिटायचे. थंडी सरता सरता ते गेले.

आणि त्याच संध्याकाळी विहंग आला. मोठा हार, काळा कुर्ता, सोबत हर्षित नावाचा त्याचा माणूस आणि हर्षितच्या हातात कॅमेरा. विहंग सरांच्या पायाशी वाकला. हर्षित म्हणाला, "दादा, प्रकाश नाही आला चेहऱ्यावर." विहंग पुन्हा वाकला. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. त्या दिवशी सरांना वरच्या खोलीत माझ्यासमोरच ठेवलं होतं.

तेरवी झाल्यावर तो सिंधूताईंकडे येऊन बसला, माझ्यासमोरच. दीपमालाही होती.

"काकू, तुमचे गुडघे दुखतात. हा जिना तुमच्यानं होत नाही. ही खोली माझ्याकडं द्या. सरांच्या नावानं अकॅडमी काढतो. मारोतराव पराते फिल्म अकॅडमी. सरांचं नाव अमर होईन."

"आन् रविवारचं?" दीपमालानं विचारलं.

"रविवारी ॲडमिशनवाल्यायची बॅच राहीन. असं कोणीबी येऊन बसाले ते का धर्मशाळा आहे?"

"आन् पडदा?"

"एलईडी लावू ना. पडद्याले मस्त काचेच्या फ्रेममधी रिसेप्शनले ठेवू. हेरिटेज दिसते."

काचेत! मी सबंध आयुष्य उजेड अंगावर घेतला आणि आता मला माशीसारखं काचेमागे चिकटवून ठेवायचं. पण सिंधूताई थकल्या होत्या. घर सुनं झालं होतं. त्यांनी खोलीची चावी बोटात फिरवली आणि म्हणाल्या, "पाहू बाप्पा. रविवारी सभा हाय ना, तवा सांगतो." विहंगनं ते होकारात धरलं. जाता जाता तो दीपमालाला म्हणाला, "तुझ्याजवळ सरांच्या लेक्चरचे आवाज आहेत ना फोनमधी? दे. श्रद्धांजलीत लावू." तिनं भाबडेपणानं देऊन टाकले. तिच्या मनात, सरांचा आवाज लोकांनी पुन्हा ऐकावा, एवढंच होतं.

शोकसभा नंदनवनातल्याच एका हॉलमध्ये सकाळी ठेवली. मला नेलं गाडीच्या डिकीत, कांद्याच्या पोत्याला खेटून. तिथे कोणी माझे कोपरे धरले नाहीत. हर्षितनं स्टेपलर घेतला आणि मला प्लायवूडला खटाखट ठोकलं. माझ्या डोक्यावर एक फ्लेक्स, भावपूर्ण श्रद्धांजली. त्यावर वॉर्डातल्या पुढाऱ्याचा चेहरा घमेल्याएवढा, विहंगचा ताटाएवढा आणि सरांचा, ज्यांची श्रद्धांजली होती त्यांचा, वाटीएवढा.

लोक आले. आधी नाश्त्याकडे गेले. हातात तर्री-पोह्यांच्या प्लेटा घेऊन फिरताना एकमेकांना म्हणत होते, फार मोठं नुकसान झालं, थोडा चिवडा टाका यावर. हर्षितनं घाईघाईनं दोन प्लेटा चापल्या. कागदी रुमाल संपले होते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझा खालचा कोपरा उचलून दाही बोटं पुसली. मग तोंडही पुसलं. सरांनी ज्याला हात हुंगून जिन्यावरूनच घालवलं असतं, तो माझ्या अंगानं तोंड पुसत होता, आणि मला साधं आक्रसून घेता येत नव्हतं.

मग भाषणं. प्रत्येक भाषण सरांवरून सुरू व्हायचं आणि तिसऱ्या वाक्याला मी-मी-मी. एकजण म्हणाला, सर मला म्हणायचे, तू माझ्याही पुढे जाशील. दुसराही तेच म्हणाला. पुढारी तर सरांना एकदाही भेटले नव्हते, पण त्यांनाही सर तेच म्हणाले होते म्हणे. मी सगळे रविवार तिथंच टांगलेलो होतो. सर असं कोणालाही म्हणाले नाहीत. सिंधूताई पहिल्या रांगेत खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या. चावी पदराच्या गाठीत होती.

शेवटी विहंग उठला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सर गेलेच नाहीत. बघा." दिवे मालवले. आणि माझ्या अंगावर सर उमटले.

मी क्षणभर फसलो, हे कबूल करतो. तोच चेहरा, तोच जाड काड्यांचा चष्मा. आवाजही तोच, दीपमालाच्या फोनमधून काढलेला. पण चेहरा आणि आवाज हाती दिला की यंत्राला कोणाकडूनही वाटेल ते वदवून घेता येतं हल्ली. माझ्यावरचे सर गोड हसले आणि म्हणाले, "माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांनो, मी तुम्हाला सोडून कुठेही गेलेलो नाही. माझे स्वप्न आता माझा मानसपुत्र विहंग पूर्ण करणार आहे. माझी वास्तू, माझे नाव आणि माझा आशीर्वाद मी त्याच्या हाती सोपवीत आहे." आणि आशीर्वादाला उजवा हात वर केला.

हॉल हुंदक्यांनी भरला. लोक डोळे पुसता पुसता फोन वर करून चित्रण करू लागले. पुढाऱ्यांनी चष्मा काढला. पडद्याचं दुर्दैव हेच की त्याला तोंड फिरवता येत नाही. खुनी येवो, संत येवो, जो टाकाल तो मी दाखवतो, आणि आजवर मला त्याची लाज वाटली नव्हती. नट रडला तर तो नट होता, त्याचं रडणं त्यानं स्वतः रडलं होतं. इथे तर मेलेल्या माणसाच्या तोंडात हात घालून कोणी जीभ हलवत होतं, आणि ते माझ्या अंगावर चाललं होतं. ज्यांच्या बापानं मला विणलं, त्यांचंच हे सोंग. फाटून जावं असं वाटलं, पण सिंधूताईंची शिवण पक्की आहे.

चित्र संपलं. टाळ्या झाल्या. विहंग माइक घेऊन सिंधूताईंपाशी आला आणि त्यांच्यापुढे वाकला. "काकू, सरांची इच्छा सगळ्यायनं ऐकली. आता तुम्ही चावी देऊन…"

दिवे अजून लागले नव्हते. ही सरांची विचारायची वेळ होती. या वेळी कोणी विचारलं नाही. तरी सिंधूताई बोलल्या.

"मले शिवण दिसली."

माइक समोरच होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. बहुतेकांना काही उमगलं नाही. जुने रविवारवाले मात्र जागच्या जागी ताठ झाले.

"काय म्हणता काकू?"

"शिवण दिसली म्हणून राहिलो. पुरा वेळ. त्यायच्या तोंडावरूनच गेली होती, तुले नाई दिसली?" त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठल्या. "लाईट लावा कोणी. आन् दीपमाला, काढ वं त्याले तिथून. कांद्याच्या पोत्यात नाई भराचा, घडी घाल."

"काकू, कार्यक्रम चालू आहे," विहंग हळूच म्हणाला. "हे सगळं सरांसाठीच करून राहिलो ना."

"मंग ये. तूबी धर एक कोपरा. विसरला का?"

दीपमालानं नखानं एकेक पिन उपसली. चार जुने हात पुढे झाले, त्यांतला एक विहंगचा होता. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना त्याला. कोपरा धरायच्या आधी दीपमाला बेसिनवर जाऊन हात धुऊन आली होती.

पहिली तीच बोलली. "त्या हाताचं नख साबूत होतं." आणि एक पाऊल पुढे आली.

दुसरा म्हणाला, "सरायनं एकदाबी चष्मा वर नाई सरकवला." तोही पुढे आला.

तिसऱ्या कोपऱ्यावरच्या मुलीनं सांगितलं, "लाडक्या म्हणताना त्यायचे डोळे नाई हालले."

आता विहंग. तो माझ्याकडे पाहत होता, आणि शपथेवर सांगतो, त्या वेळी त्याच्या डोळ्यांत तो धपाटा खाल्लेला पोरगा थोडा वर आला होता. ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणेल. एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं खिशात पाहिलं, "दोन मिनिटं, महत्त्वाचा आहे," म्हणाला आणि कोपरा सोडून बाहेर गेला.

माझा कोपरा जमिनीला टेकला. आजवर कधी टेकला नव्हता. आणि टेकला तोही तर्रीचाच कोपरा.

सिंधूताई वाकल्या. वाकताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं, कोणी मदतीला येऊ लागलं तर त्यांनी हातानं थांबवलं. तो बरबटलेला कोपरा उचलून त्यांनी नाकाशी नेला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं, अगदी सर करायचे तसं. मग त्या म्हणाल्या, "मले काय दिसलं सांगू? मले आमच्या माणसाची जागा रिकामी दिसली." आणि एक पाऊल पुढे आल्या. घडी पुरी झाली. चावी पदरातच राहिली.

त्या सभेचं चित्रण पुढे फोनाफोनांतून फिरलं म्हणे, सिंधूताईंचं बोलणं तेवढं कापून. फिरू दे. ज्यांना पाहायचं नाही त्यांना काय दाखवणार?

मी पुन्हा वरच्या खोलीत आहे. सिंधूताई आता एकेक पायरी बसत बसत जिना चढतात. रिठे झाले, लिंबू झालं, बेसनही लावून झालं. तर्री काही जात नाही. पिनांची भोकं आहेत, त्यांतून खिडकीचा उजेड येतो आणि सिनेमातल्या रात्रीत भलत्या ठिकाणी चांदण्या दिसतात. परवा दीपमालानं आवाज बंद करून एक सिनेमा लावला. मोजकीच माणसं होती. खेळ संपला, तरी दिवा कोणी लावेना. सगळे ज्याची वाट पाहत होते तो माणूस नव्हता. शेवटी दीपमालानंच विचारलं.

"काकू, शिवण दिसली का?"

दाराशी शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"पहिल्यांदा दिसली," सिंधूताई म्हणाल्या. "मंग नाई दिसली वं."

दर रविवारी दुपारी दार उघडं असतं. तुम्हीही या. समोरच्यानं कितीही टाळ्या पिटल्या तरी शिवण दिसली तर दिसली म्हणा, एवढंच मागणं आहे. आणि येताना हात धुऊन या.